५० रुपयांच्या आत घरी काय केलंत? (फसलेलंही चालेल)

परवा दुकानात लेकासाठी 'आपला कंदील आपण करा' छापाचा एक डबा बघितला, सगळं आधीच कापलेलं, भोकंसुद्धा पाडलेली, आपण फक्त यात ते अडकवायचं, आणि किंमत ४५०. मी गुपचूप परत ठेवला तर पोरगा म्हणतो मग तू करून दे. आता मला कुठे येतो कंदील!

म्हणून हा धागा. घरात आहे त्यातून किंवा फार तर ५० रुपये खर्चून केलेली एखादी वस्तू नाहीतर खाऊ सांगा. अटी दोनच, स्वतः केलेलं पाहिजे (व्हिडिओ बघून 'किती सोप्पंय' म्हणालेलं धरणार नाही) आणि फसलं असेल तर लपवायचं नाही.

सुरुवात मीच करते. आमची आजी रद्दीचा लगदा करून टोपल्या करायची, कागद २-३ दिवस भिजवायचा, भिजवलेली मेथी वाटून त्यात घालायची आणि सगळं उखळात कुटायचं. मेथीने लगदा चिकट होतो आणि कीडही लागत नाही म्हणायची. मग पालथ्या पातेल्यावर थापायचा आणि उन्हात वाळवायचा. मी हे सगळं तंतोतंत केलं, फक्त जुलैत केलं. आठवड्याने टोपलीला पांढरी दाढी आली. शिवाय पातेल्यावर आधी ओलं फडकं घालायचं असतं हे विसरले होते, त्यामुळे दाढीवाली टोपली पातेल्यासकट बाल्कनीत बसलेली, सासूबाई रोज सकाळी तिला बघून काही न बोलता आत जायच्या.

* * *

कंदील मी सांगतो. चाळीत वाढलोय, दिवाळीच्या आधी आठवडाभर गॅलरीत चालायला जागा नसायची.

बुरुडाकडून बांबूच्या कामट्या आणायच्या. सगळ्या एका मापाच्या कापायच्या, वीतभर ठीक. ४ कामट्यांचा एक चौकोन असे ६ चौकोन, म्हणजे २४ कामट्या झाल्या. मग हे चौकोन टोकाला टोक लावून बांधायचे, एका टोकाला दोनच चौकोन भेटले पाहिजेत, अशा १२ गाठी येतात आणि मधे ८ त्रिकोण आपले आपण तयार होतात. पहिल्यांदा करणाऱ्याला इथे घाम फुटतो, कारण सांगाडा लुळा असतो, उचलला की पिळवटतो, आपल्याला वाटतं चुकलं. चुकलेलं नसतं. घोटीव कागद चिकटला की तोच ताठ होतो. फारच वाकडा वाटला तर एक-दोन चौकोनांत आडव्या कामट्या बांधा.

चिकटवायला मैद्याची खळ. गार पाण्यात मैदा आधी कालवून घ्यायचा मग गॅसवर ठेवायचा, डायरेक्ट गरम पाण्यात टाकलात तर गुठळ्यांची आमटी होते. कागद लावताना ओढून ताणू नका, खळ वाळली की तो स्वतःच ताणला जातो, आधी ताणलेला रात्री फट्‌ करून फाटतो.

आता फसलेलं. मी सहावीत असताना पहिल्यांदा एकट्याने पूर्ण कंदील केला, लाल चौकोन, पिवळे त्रिकोण, खाली झिरमिळ्या, सगळी चाळ बघून गेली. संध्याकाळी वडील बल्ब घेऊन आले आणि कंदील हातात घेऊन फिरवून फिरवून बघायला लागले. वरचा चौकोन मोकळा ठेवायचा असतो. मी सगळीकडून बंद केला होता. वडिलांनी ब्लेडने वरचा कागद इतका अलगद कापला की मला अजून तो आवाज आठवतो. त्या वेळी ४० चा पिवळा बल्ब असायचा, तो तापतो म्हणून कागदापासून लांब टांगावा लागे. आता एलईडीने ती भीती गेली.

* * *

वरच्या दादांच्या खळीत आमच्याकडे मोरचूद घालायचे, झुरळं-उंदीर खाऊ नयेत म्हणून. पण धागावाल्या ताई, तुमच्याकडे लहान मूल आहे, मोरचूद विषारी असतं, तुम्ही अजिबात घालू नका. चार दिवसांचा तर कंदील, खाल्ला झुरळांनी तर खाऊ दे.

* * *

आमच्याकडे (मराठवाडा) खेळणी विकत आणायची पद्धतच नव्हती. ज्वारीची काढणी झाली की धांड्यांची बैलगाडी. धांडा सोलला की आत पांढरं भेंड निघतं, थर्माकोलसारखं, आणि वरची साल चिवट. भेंडाचे तुकडे पाडायचे आणि सालीच्या बारीक काड्या करून त्यात टोचून जोडायचे, गोंद नाही खिळा नाही काही नाही. चाकं, जू, वरची चौकट, सगळं. चष्मा तर दोन मिनिटांत होतो. साल ब्लेडसारखी कापते मात्र, माझ्या उजव्या हाताच्या अंगठ्यावर अजून खूण आहे.

मागच्या वर्षी गावाकडून येताना पोरीसाठी १५-२० धांडे गाडीच्या टपावर बांधून पुण्यात आणले. सोसायटीच्या वॉचमनने विचारलं साहेब म्हैस घेतली का.

* * *

चिगळी कुणीच कशी नाही लिहिली अजून? आम्ही कोल्हापूरकडचे.

चिंच (चिंचोके, शिरा काढून), त्याच्या निम्मा गूळ, मीठ, भाजलेलं जिरं, लाल तिखट. लसूण घालणारे आणि न घालणारे अशा दोन जाती आहेत, आम्ही घालणारे, एकच पाकळी. हे सगळं खलबत्त्यात कुटायचं, मिक्सरमध्ये नाही, मिक्सरला चिंच पात्याभोवती गुंडाळून बसते आणि वास येतो मोटारीचा. कुटून एकजीव झालं की लिंबाएवढा गोळा काडीला लावायचा, खराट्याची काडी स्वच्छ धुऊन. झालं. सगळं घरातलंच, खर्च शून्य.

अडचण एकच, खलबत्त्याचा आवाज. दुपारी सगळे झोपले की आम्ही चुलत-मावस मिळून सहा जण माळ्यावर, खलबत्त्याखाली पोतं, पोत्याखाली उशी, तरी आजी खालून झोपेतच ओरडायची, "मीठ कमी घाला गं, जिभा सोलतील!" आणि सोलायच्याच. दुसऱ्या दिवशी कुणाला आमटी खाता यायची नाही, आणि सहाही जण एकदम दहीभात मागायला लागले की वेगळं सांगायची गरजच नसायची.

* * *

संक्रांतीचा काटेरी हलवा. ५० रुपयांच्या आत बसतो, पण पाठीचा खर्च वेगळा धरा.

माझ्या आईकडून शिकले. साखरेचा एकतारी पाक, उकळताना चमचाभर दूध घालायचं म्हणजे मळी वर येते, ती काढून टाकायची. पितळी परातीत तीळ नाहीतर साबुदाणा नाहीतर खसखस, खाली शेगडीत निखारे, तेही राखेने झाकलेले. पाक चमच्याने थेंब थेंब सोडायचा आणि बोटांनी दाणे हलवत राहायचं. सतत. पाक वाळला की पुढचा थेंब. घाई करून दोन चमचे एकदम घातले की दाणे एकमेकांना चिकटून लाडू होतो आणि मग तो फोडता येत नाही. असं दोन-तीन तास, दुसऱ्या दिवशी परत, तिसऱ्या दिवशी परत, तेव्हा कुठे काटा दिसायला लागतो.

काट्याला थंडी लागते. आई पहाटे साडेचारला बसायची. लग्नानंतर मी मुंबईला आले आणि पहिल्या वर्षी हौसेने बसले, चार दिवस हलवलं, हलवा झाला गुळगुळीत, मोत्यासारखा. दमट हवेत पाक वाळतच नाही ना नीट. आईला फोन केला तर म्हणाली बोटं दाखव, फोनवर! मी म्हटलं भाजलीयेत. मग म्हणाली मग बरोबर करतीयेस, हवा चुकलीय तुझी. पुढच्या वर्षीपासून मी नाशिकला माहेरी जाऊन करते आणि डब्यात भरून आणते.

दागिने करायला पुठ्ठा, सोनेरी कागद आणि सुईदोरा पुरतो. लेकीच्या बोरन्हाणाला हार, बाजूबंद, मुकुट सगळं घरचं केलं होतं, काळ्या झबल्यावर काय उठून दिसत होतं. फोटो काढायला गेलो तर अर्धा हार ओला. बाईसाहेब चाखत बसलेल्या.

* * *

हलव्याएवढा पेशन्स नसणाऱ्यांसाठी, आम्ही चुरमुऱ्यांचे दागिने केले. सुईने ओवायचे. १० रुपये. फुटतात बरेच, ते खायचे.

* * *

परदेशातली भर घालतो. जर्मनीत आहे, पाडव्याला गुढी उभारायची तर साखरेची गाठी कुठून आणणार. आईला विचारून घरी करायला घेतली. मफिनच्या साच्यांना तूप लावलं, सगळ्यांमधून एक जाड दोरा फिरवला, साखरेत ती बुडेल इतकंच पाणी घालून पाक गोळीबंद केला आणि ओतला. रात्रभर ठेवला. सकाळी काचेसारखा पारदर्शक चिकट चिखल, दोरा ओढला तर नुसता दोरा बाहेर.

दोन चुका निघाल्या. एक, मी पाकात लिंबू पिळलं होतं, गुलाबजामच्या पाकात आई पिळते म्हणून. तिथे साखर परत दाणेदार होऊ नये म्हणूनच तर पिळतात! आणि गाठीत नेमकं उलटं, साखर परत दाणेदार होऊन घट्ट बसायला पाहिजे. दुसरी चूक, गॅस बंद केल्यावर पाक घोटायचा असतो, तो पांढुरका दिसायला लागला की लगेच ओतायचा. आई म्हणाली "हे काय सांगायचं असतं का". दुसऱ्यांदा इतका घोटला की पातेल्यातच दगड झाला. तिसऱ्यांदा जमली. चार मफिनची गाठी, प्रत्येक पदक वाटीएवढं, गुढी एका बाजूला कलली. शेजारच्या आजीबाईंनी विचारलं हे काय, मी म्हटलं नवीन वर्ष, त्या कॅलेंडरकडे बघायला लागल्या.

* * *

रत्नागिरी. आंब्याचं साठ, म्हणजे आंबापोळी. हापूसचं नाही हो, तो विकायला. पडलेल्या रायवळ आंब्यांचं, ज्यांना कुणी विचारत नाही. रस गाळायचा, रायवळला रेषा फार, गाळला नाही तर साठ नाही सुतळी खाताय असं वाटतं. चवीपुरती साखर, ताटाला तूप, पातळ थर, कडक ऊन. वरून वाळलं की सुरीने कडा सोडवून उलटायचं. जाड हवं तर वाळलेल्यावर दुसरा थर.

वर साडी बांधायची, नाहीतर माश्या. कावळ्यांसाठी माझी नेमणूक असायची, हातात काठी, खाटेवर. पण एकदा मेच्या शेवटी आभाळ असं अचानक भरून आलं की अंगणातली अकरा ताटं आत घ्यायला माणसं चार. आजी ओरडतेय आधी साठं, मग कपडे! कपडे भिजले, सरपण भिजलं, वाळत घातलेल्या मिरच्या भिजल्या, साठं वाचली. काकांच्या लग्नाचा कोट पण बाहेर होता त्या दिवशी, ऊन दाखवायला काढलेला, त्याबद्दल अजून काकू बोलते.

* * *

मी फक्त वाचणार होते पण वरचं ऊन-पावसाचं वाचून राहवलं नाही.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये आईच्या सहा जुन्या सुती साड्यांची गोधडी शिवली. आई त्याच्या आदल्या वर्षी गेली. सुई आणि रिळं घरात होती, म्हणजे खर्च काहीच नाही. साध्या धावदोऱ्यानेच, पण मी कडेकडेने शिवत आत गेले आणि मधे सगळं कापड गोळा होऊन हे एवढं टेंगूळ. मग गावच्या काकूंनी व्हिडिओ कॉलवर सांगितलं की आधी जमिनीवर नीट अंथरून, पाण्याचा हात फिरवून, सगळीकडे लांब लांब टाके घालून घ्यायचे, म्हणजे थर हलत नाहीत. तीन आठवड्यांचं सगळं उसवलं. उसवताना एका साडीच्या निऱ्यांत हळदीचा डाग सापडला, तो भाग मी वरच्या थराला घेतला.

टाके वाकडे आहेत. नवरा म्हणतो रस्ता चुकलेल्या मुंग्या.

* * *

धागावाली परत आले. सगळ्यांना थँक्यू, डोळ्यातून पाणी काढलंत आणि तोंडातूनही.

काल कामट्या आणल्या, बुरुड काकांनी लेकाला बघून चार जास्तीच्या दिल्या, "मोडतील" म्हणाले, मोडल्या पाच. सांगाडा लुळा पडला तेव्हा दादा तुम्ही लिहिलेलं मोठ्यांदा वाचून दाखवलं त्याला. खळ मोरचुदाशिवाय. पाच चौकोन लावून झालेत, आठ त्रिकोण राहिलेत, आणि लेक वरच्या चौकोनावर स्केचपेनने 'इथे लाऊ नये' असं लिहिलेली चिठ्ठी बांधून झोपलाय.

एक विचारायचं राहिलं. घोटीव कागदाचा लाल रंग खळीने हाताला लागलाय तो कशाने जातो? दोघांच्या कोपरापर्यंत आहे आणि उद्या त्याची शाळा आहे.