डोक्याला मार लागल्यानंतरची औषधं: कुठली ठेवायची, कुठली बंद करायचं विचारायचं? सल्ला हवाय

आभाळवाट:
नमस्कार मंडळी. बाबा (वय 61) जिन्यावरून पडले, डोक्यात रक्तस्राव झाला, ऑपरेशन झालं, त्याला आता साडेतीन महिने झालेत. घरी आणलंय, धरून चालतात, थोडं थोडं बोलतात. पण डिस्चार्ज कार्डावर 9 औषधं आहेत आणि कुठलं कशासाठी ते मला धड सांगता येत नाही. दोन गोष्टींनी जीव मेटाकुटीला आलाय. दिवसभर गुंगीत असतात, फिजिओ येऊन बसले तरी डोळे उघडत नाहीत, आणि संध्याकाळ झाली की एकदम भडकतात, काल आईच्या अंगावर पाण्याचा पेला भिरकावला, आयुष्यात कधी आवाज चढवून बोलले नव्हते हो ते. एक डॉक्टर म्हणतात शांत व्हायची गोळी वाढवा, दुसरे म्हणतात मेंदूचं टॉनिक सुरू करा. कुणाला अनुभव असेल तर सांगा प्लीज.

खिडकीपाशी:
आधी आईंना सांगा की ते चिडतात ते आजाराने, त्यांच्यावर राग आहे म्हणून नाही. मी दोन वर्षं यातून गेलेय, माझ्या मिस्टरांचा अपघात झाला होता. आमच्याकडेही अगदी हेच, बाहेर बसून तोच एक टॉवेल पुन्हा पुन्हा घडी करायचे आणि कुणी हात लावला की अंगावर धावून यायचे. सगळे म्हणाले मेंदूला मार लागलाय, स्वभाव बदलणारच. मी एक वही केली, कुठली गोळी किती वाजता, झोप किती, चिडले किती वाजता आणि त्याच्या आधी काय झालं होतं. आठवड्याभरात दिसलं की फिटच्या गोळीचा डोस वाढवला त्या दिवसापासून हे वाढलंय. लिव्हेटिरॅसिटॅम होती. वही डॉक्टरांपुढे ठेवली, त्यांनी पाच मिनिटं शांतपणे वाचली आणि हळूहळू दुसरी गोळी लावून ही कमी केली. तीन आठवड्यांनी टॉवेल तसाच घडी करायचे पण मी हात लावला तर माझ्या हातात द्यायचे. बाबांच्या कार्डावर ही गोळी आहे का बघा. पण स्वतःहून बंद करू नका हां, एकदम थांबवली तर फिट येऊ शकते.

आभाळवाट:
ताई, आहे! 500 ची, दिवसातून दोनदा. फिट कधीच आलेली नाही त्यांना, अ‍ॅडमिट असतानाही नाही.

गोळीडबी:
मी रिहॅब वॉर्डमध्ये फार्मासिस्ट आहे, बाबांना बघितलेलं नाही त्यामुळे हे सगळं डॉक्टरांना विचारायचे प्रश्न म्हणून घ्या. फिट आलेलीच नसेल तर "ही अजून का चालू आहे" हा पहिला प्रश्न. मार लागल्यावर पहिल्या 7 दिवसांतल्या फिट टाळायला फेनिटॉइन किंवा लिव्हेटिरॅसिटॅम देतात, पण नंतर उशिरा येणाऱ्या फिट त्याने टळतात असं दिसलेलं नाही. फेनिटॉइनवरचा मोठा अभ्यास 1990 चा आहे, त्यातही फायदा पहिल्या आठवड्यापुरताच होता. काही पेशंटला जास्त दिवस ठेवायचं कारण असतं, ते न्यूरोवाल्यांनाच ठरवू द्या.

आता गुंगी. कार्डावर क्लोनाझेपाम, लोराझेपाम (दोन्ही शांत करणाऱ्या, झोपेच्या), हॅलोपेरिडॉल (भडकणं आवरायला देतात ती), बॅक्लोफेन (स्नायूंच्या ताठरपणाची), अ‍ॅमिट्रिप्टिलिन (नैराश्याची, डोकेदुखीलाही देतात), लघवी रोखायची गोळी किंवा अ‍ॅलर्जीची झोप आणणारी गोळी यापैकी काय काय आहे ते लिहा. एकेक गोळी वेगळी दिली तर चालून जाते, चार एकत्र झाल्या की माणूस दिवसभर पेंगतो आणि घरच्यांना वाटतं की मेंदूच सुधरत नाहीये. मला सगळ्यात जास्त वाईट इथेच वाटतं. क्लोनाझेपामसारख्या गोळ्यांनी काही पेशंट शांत व्हायच्या ऐवजी उलट जास्त बिथरतात. हॅलोपेरिडॉल लांब चालवायला बरेच तज्ज्ञ तयार नसतात, कारण प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याने सुधारणा मागे पडलेली दिसलीय. चिडचिडीसाठी त्यातल्या त्यात बरा पुरावा प्रोप्रॅनोलॉल या बीपीच्या गोळीच्या बाजूने आहे, पण दमा असेल, नाडी किंवा बीपी कमी असेल तर तेही नको.

आणि गोळी वाढवायच्या आधी साध्या गोष्टी तपासा. बद्धकोष्ठ, लघवी अडकणं, इन्फेक्शन, डोकेदुखी, खांदा दुखणं, रात्रीची झोप. ज्याला नीट सांगता येत नाही तो पेला फेकून सांगतो. थायरॉइड, सोडियम आणि कॉर्टिसॉलही विचारा, डोक्याच्या मारानंतर पिट्यूटरी ग्रंथी (मेंदूखालची, बाकीच्या हॉर्मोनना चालवणारी) कमी काम करते असं होतं आणि मग माणूस सारखा थकलेलाच असतो.

रानवारा:
आमच्या काकांना सिटिकोलिनने, म्हणजे मेंदूचं टॉनिक म्हणून देतात त्या औषधाने, खूप फरक पडला, मी तर म्हणेन सुरू करा, नुकसान तर काही नाही ना.

गोळीडबी:
काका सुधारले ते वाचून खरंच बरं वाटलं. पण सिटिकोलिनवर 1213 पेशंटचा अभ्यास झालाय, 2012 साली आला, 90 दिवस दिलं आणि नुसत्या दिखाव्याच्या गोळीपेक्षा काही जास्त फायदा दिसला नाही. पहिल्या काही महिन्यांत बरेच पेशंट सुधारतातच, म्हणून त्या वेळी चालू असलेल्या गोळीला श्रेय जातं. 9 औषधं आधीच असताना दहावं कशाला?

जागं राहण्यासाठी विचारायचंच असेल तर अमँटाडीनबद्दल विचारा. 2012 मध्येच त्याचा चांगला अभ्यास आला, 184 पेशंट, मार लागून 4 ते 16 आठवडे झालेले, आणि ज्यांना गोळी दिली ते 4 आठवड्यांत जास्त वेगाने सुधारले. गोळी थांबवल्यावर वेग मंदावला हेही खरं. आणि ते पेशंट शुद्धीत नीट आलेले नव्हते, बाबा तर बोलतायत, त्यामुळे त्यांना तेवढाच फायदा होईल असं म्हणता येणार नाही. सकाळी आणि दुपारी देतात, संध्याकाळी दिली तर झोप उडते. किडनीचे रिपोर्ट आधी बघावे लागतात, फिट येत असेल तर जपून. लक्ष लागत नसेल, सगळं फार हळू होत असेल तर मिथाइलफेनिडेटचाही विचार करतात.

खिडकीपाशी:
एका वेळी एकच बदल करायला सांगा हां डॉक्टरांना. आमच्याकडे एकदा एकाच आठवड्यात तीन बदल झाले आणि कशाने बिघडलं तेच कळेना, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आणि वेदनेला ट्रॅमाडॉल दिलं असेल तर सांगा, त्यानेही फिटचा धोका वाढतो असं मला नर्सने सांगितलं होतं.

गोळीडबी:
हो, बरोबर आहे ते. बुप्रोपियोन या नैराश्याच्या गोळीचंही तसंच.

आभाळवाट:
सगळ्यांचे मनापासून आभार, आईलाही वाचून दाखवलं. कार्ड बघितलं, क्लोनाझेपाम रात्रीची आहेच आणि अ‍ॅमिट्रिप्टिलिनही आहे, डोकेदुखीसाठी म्हणून, ती आम्ही दुपारी देत होतो! कुणी वेळ सांगितलीच नव्हती. वही कालपासून सुरू केलीय. पहिली नोंद, संध्याकाळी 6:20 ला चिडले, त्याआधी अर्धा तास पोटावर हात फिरवत होते. मोजून बघितलं तर पाच दिवस पोट साफ झालेलं नाही. आधी तेच सांगतेय डॉक्टरांना उद्या, मग गुंगी, मग फिटची गोळी, आणि प्रत्येक गोळीपुढे "कशासाठी, कधीपर्यंत" असे दोन रकाने आखलेत.

खिडकीपाशी:
रकाने डॉक्टरांनाच भरायला द्या, तुम्ही भरू नका. उद्या झालं की लिहा इथे.