ढवळ्या, पवळ्या, कपिला: गुरांच्या नावांतले रंग

गव्हाण
'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.' यातला पवळ्या नेमका कोणत्या रंगाचा? 'वाण' म्हणजे इथे जात समजायची का? आणि कपिला, बांडी, चांदी, तांबडी ही नावं म्हणायची की विशेषणं?

कासरा
आधी वाण. बियाण्याच्या वाणामुळे आपल्याला 'जात' हा अर्थ पटकन सुचतो, पण म्हणीतला वाण 'वर्ण'पासून आलेला आहे, म्हणजे रंग. ढवळ्याच्या शेजारी बांधून पवळ्याला त्याचा रंग लागला नाही, सवयी मात्र लागल्या. हा अर्थ लागायचा तर दोघांचे रंग वेगळेच हवेत. ढवळा म्हणजे धवल, पांढरा. पवळा किंवा पोवळा हा पोवळ्याच्या रंगाचा, तांबूस. एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं अशा हुबेहूब जोडीला लोक 'ढवळ्या-पवळ्या' म्हणतात, ते म्हणीच्या अगदी उलट आहे.

आता नाव की विशेषण. बैलाच्या बाबतीत फरक कानाला कळतो. 'ढवळा' हे विशेषण, 'ढवळ्या' हे नाव. तसंच तांबडा-तांबड्या, बांडा-बांड्या, काळा-काळ्या. गाईला ही सोय नाही. 'तांबडी गाय व्याली' यात विशेषण आहे, 'तांबडी व्याली' यात नाव, शब्द तोच. बैलाचंही विभक्ती लागली की अडतं. 'ढवळ्या बैलाला पाणी दाव' यात ढवळा या विशेषणाचं सामान्यरूप आहे, 'ढवळ्याला पाणी दाव' यात नाव. शेजारी 'बैल' आहे की नाही, एवढ्यावरच ओळखायचं.

माळरान
'सर्जा' हे बैलाचं नाव या नियमात बसत नाही. तो रंग नाही, आधीपासूनच बिरुद आहे. फारसी 'शर्झा' म्हणजे खवळलेला, हा शब्द सिंहासाठी येतो. विजापूरचा शर्झा बुरूज त्याच शब्दाचा. म्हणून लिहिताना 'सर्जाला', 'राजाला'. 'सर्ज्या' ही लाडाची हाक, आणि त्या हाकेवरून बोलण्यात 'सर्ज्याला' होतं, तेही चूक नाही.

'चांदी'बद्दल: गाईम्हशींत चांदी म्हणजे कपाळावर पांढरा ठिपका असलेली. ते नाव 'चांद'वरून आलं आहे, धातूवरून नाही. म्हणून काळीभोर म्हैससुद्धा चांदी असते. बैल असेल तर चांद्या. अंगावर पांढऱ्याचे मोठे पट्टे असतील तर बांडी, बारीक ठिपके असतील तर ठिपकी, शिंगंच नसतील तर भुंडी.

गव्हाण
मग कपिला? आमच्याकडे पांढऱ्या गाईलाही कपिला म्हणतात.

माळरान
मूळ संस्कृत 'कपिल' म्हणजे माकडाच्या रंगाचा, तांबूस-पिंगट. कपिलाषष्ठीला जिचं दान सांगितलं आहे ती कपिला याच रंगाची. पण कोकणात आणि गोव्यात हा शब्द रंगापासून सुटला आहे. गोव्यातल्या ज्या देशी गाईची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली तिचं नाव 'श्वेत कपिला'. ती नाकाच्या शेंड्यापासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत पांढरी, पापण्यांचे केससुद्धा पांढरे. शब्दशः पाहिलं तर 'पांढरी पिंगट'! 'कोकण कपिला' म्हणून नोंदलेल्या जातीतही तांबड्या, काळ्या, पांढऱ्या अशा सगळ्या गाई सापडतात. म्हणजे तिकडे कपिला हे देशी गाईचं मानाचं नाव झालंय. हा अर्थविस्तार मला पूर्ण मान्य आहे. फक्त खरेदीच्या कागदावर किंवा विम्याच्या अर्जात रंगाच्या रकान्यात 'कपिला' लिहू नये, 'तांबूस' किंवा 'पांढरी' असं साफ लिहावं.

शिवळ
रंगाचे शब्द जातीजातीत वेगळे असतात, हेही धरा. उदगीर, लातूरकडच्या देवणी जातीच्या गुरांत नुसतं 'ढवळी' म्हणून काही कळत नाही, कारण बहुतेक जनावरं मुळात पांढरीच. तिथले शब्द तीन: वानेरा म्हणजे अंग पांढरं आणि तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या, बालंक्या म्हणजे अंग पांढरं आणि खालच्या भागावर काळे ठिपके, शेवरा म्हणजे पांढऱ्या अंगावर वेडेवाकडे काळे डाग. या तीन वेगळ्या जाती नव्हेत. एकाच जातीतले हे रंगप्रकार आहेत. बाजारात नवखा माणूस इथेच फसतो.

खिल्लारचं वासरू पाहून घाईने नाव ठेवलं तर चूक ठरलेली. जन्मतः त्याच्या डोक्यावर, दोन शिंगांच्या मधल्या जागी, गंजासारखा तांबूस रंग असतो आणि दोनेक महिन्यांत तो जातो. त्या तांबूसपणावरून 'तांबू' ठेवलेली वासरी पुढे पांढरी निघते. खोंड वयात आला की त्याच्या खांद्यावर आणि मागच्या अंगावर काळपट झाक चढते, ती गाईला तितकी नसते. म्हणून रंगावरून नाव ठेवायचं तर निदान तीन महिने थांबावं. तोवर 'गंगीची वासरी' एवढं पुरतं.

नांगरट
कालवड, पाडी, वगार ही नावं का नाहीत?

शिवळ
ते अवस्थेचे शब्द. वासरी मोठी झाली की कालवड, कोकणात पाडी, म्हशीची असेल तर वगार. गाभण राहिली तरी पहिलं वेत होईपर्यंत कालवडच. व्याली की पहिलारू.

कासरा
नाव कामात कसं वापरतात त्यावरूनही त्याची घडण कळते. औतावर दोन बैल असतात आणि एकालाच दटवायचं असतं, त्यामुळे हाकेचा सगळा जोर पहिल्या अक्षरावर येतो: 'ढऽवळ्या', 'पऽवळ्या'. म्हणून जोडीची नावं यमकात असली तरी चालतात, सुरुवातीचं अक्षर मात्र एक नको. मोत्या आणि मोरया एका जुवाला ठेवले की तासावर, म्हणजे नांगराच्या रेघेत, हाकेचा गोंधळ होतो. नाव दोन अक्षरांचं, फार तर तीन. 'भागीरथी' ठेवलेल्या गाईची आठवड्यात 'भागी' होते.

नावासोबत बाजूही ठरते. उजवीकडे जुंपायची सवय असलेला बैल डावीकडे घातला तर जू नीट घेत नाही. म्हणून जोडी विकताना 'सर्जा उजवा, राजा डावा' असं सांगतात. घेणाऱ्याने जुनं नाव निदान महिनाभर तरी बदलू नये. बदलायचंच तर पेंड पुढे ठेवताना 'राजा, सोन्या' अशी दोन्ही नावं लागोपाठ घ्यावीत, मग हळूहळू जुनं सोडावं. मागून जवळ जाताना आधी नाव घ्यायचं, मग पाठीवर हात. न बोलता हात लावला की जनावर दचकून लाथ झाडतं.

गव्हाण
गोठ्यात दोन-तीन लक्ष्म्या असतील तर?

माळरान
बोलताना थोरली लक्ष्मी, धाकटी लक्ष्मी. वहीत मात्र तेवढ्यावर राहू नका. कानातल्या बिल्ल्यावरचा 12 आकडी क्रमांक आधी, मग नाव, मग खूण, उदाहरणार्थ 'डावं शिंग वाकडं'. नुसतं 'लक्ष्मी' लिहून रेतनाची तारीख टाकली आणि ती दुसऱ्याच लक्ष्मीला लागली, तर वेताचा हिशेब चुकतो. गाभण राहिल्यापासून व्यायपर्यंत गाईचे साधारण 280 ते 285 दिवस, म्हशीचे 310 च्या आसपास. वेत जवळ आलं हे वेळेत कळलं नाही तर शेवटचे दोन महिने आटवायची, म्हणजे दूध काढणं थांबवायची, गाय तशीच पिळली जाते आणि पुढच्या वेताला दूध घटतं. एकच नाव दोनदा न ठेवणं हाच सोपा उपाय. आईच्या नावाचं पहिलं अक्षर घ्यावं: गंगाची गौरी, गौरीची गोदा. वही हरवली तरी कोण कोणाची ते सांगता येतं.