तिसरीची वजाबाकी: नोंदी भरून पुढं काय करायचं? सल्ला हवाय

करवीरच्या बाई:
नमस्कार, मी करवीर तालुक्यात जि.प. शाळेत तिसरीला आहे, 28 पोरं. आकारिकच्या (वर्गात रोजच्या कामावरनं होणाऱ्या मूल्यमापनाच्या) 60 मार्कांसाठी तोंडीकाम, स्वाध्याय, निरीक्षण सगळं घेते, नोंदवही पण वेळेत भरते, पण परवा वाचून बघितली तर अर्ध्या वर्गाला एकच वाक्य, 'वजाबाकीत चुका करतो'. त्या पोराला उद्या काय द्यायचं ते यातनं कळतच नाही, लई वाईट वाटलं. 52 वजा 27 दिलं तर 11 जणांनी 35 लिहिलंय. कुणी काय करता सांगा.

पन्हाळा मास्तर:
बाई, ते 35 दोन वाटांनी येतंय बघा. एक पोरगं 7 मधनंच 2 काढतंय, मोठ्यातनं लहान जातं एवढंच त्याला पक्कं माहीत. दुसरं दशक सोडवून 12 करतंय, 12 मधनं 7 गेले 5, पण वरच्या 5 चे 4 करायला विसरतंय. दोघांचं उत्तर सेम, म्हणून ही संख्याच बदला, 53 वजा 27 द्या. पहिल्याचं 34 येईल, दुसऱ्याचं 36. 34 वाल्यांना काड्यांचे गठ्ठे द्या, गठ्ठा सोडल्याशिवाय 7 काड्या देताच येत नाहीत हे त्यांच्या हाताला कळू दे. 36 वाल्यांना गठ्ठे नकोत, 5 खोडून वर 4 लिहायची सवय लावा, चारपाच दिवसात बसतंय. आणि नोंदीत त्याचं उत्तरच लिहा, '53-27=36, दशक कमी करत नाही', म्हणजे महिन्यानं बघितलं तरी कळतंय.

शिरोळकर ताई:
मास्तरांचं बरोबर आहे, एक जोडते. आमच्याकडं गळीत हंगामात मराठवाड्यातनं ऊसतोडीवाल्यांची पोरं येतात, त्यांना आल्या आल्या कागद देऊ नका, आधी तोंडी विचारा, 53 रुपये घेऊन गेलास, 27 चं सामान आणलंस, उरले किती? दुकानात जाणारी पोरं पटकन सांगतात आणि तेच पाटीवर चुकतात, मग त्यांना वजाबाकी येते, मांडणी येत नाही. हंगाम संपून गावी परत जाताना शिक्षण हमी कार्डासोबत (स्थलांतर करणाऱ्या पोरांना पुढच्या शाळेत दाखवायला देतात ते) हे एका कागदावर लिहून द्या, नाहीतर तिकडं पुन्हा पहिल्यापासनं सुरू.

करवीरच्या बाई:
मास्तर, ताई, आज परिपाठानंतर 53-27 घेतलं. त्या 11 मधले 6 जण 34, 4 जण 36. एकीनं 26 बरोबर काढलं, पण 53 पासनं एकेक मागं मोजत, पाटीवर रेघा मारून. बरोबर आलं म्हणून तिला सोडायचं नाहीये मला, उद्या तिला पण गठ्ठ्यांकडं घेते.