मदत हवी आहे : पगार तोच, पण रात्रपाळी. भेदभाव सिद्ध कसा करायचा?

निशिगंध
दिवसपाळीवरून काढून मला रात्रपाळीला टाकलंय. सुपरवायझर म्हणाली, फोनवर डॉक्टरांना तुझे उच्चार कळत नाहीत. अकरा वर्षं त्याच फोनवर क्रिटिकल रिपोर्ट सांगतेय मी! एचआर म्हणतं, पगार तोच, पद तेच, मग नुकसान काय? लेखी काहीच नाही. केस होते का? प्लीज लवकर सांगा.

आडवाटे
राज्य कुठलं? बदली कधी झाली? माणसं किती? १५ पेक्षा कमी असतील तर टायटल सेव्हन, म्हणजे नोकरीतल्या भेदभावाविरुद्धचा अमेरिकेचा केंद्रीय कायदा, लागू होत नाही.

निशिगंध
न्यू जर्सी. हॉस्पिटलची लॅब आहे, शेकडो माणसं. उच्चारांचं सांगा ना.

रेवदंडेकर
लेखी नाही म्हणजे विषय संपला. माझ्या भावाने वकिलावर पैसे घातले, हाती काही लागलं नाही. दुसरी नोकरी बघा.

आडवाटे
असं सांगून कुणाला गप्प बसवू नका. तोंडी बोलणंही पुरावाच असतो. ताई, तारीख-वेळ आजच लिहून ठेवा. १९७३ च्या मॅकडॉनेल डग्लस निकालापासून थेट पुराव्याशिवायही केस उभी राहते. प्रथमदर्शनी भेदभाव तुम्ही दाखवायचा, मग मालकाने कारण द्यायचं, आणि ते कारण निव्वळ सबब आहे हे तुम्ही दाखवायचं.
'पगार तोच' याला तर मल्डरो खटल्याचं उत्तर आहे. सेंट लुईसची पोलीस सार्जंट, बदलीनंतर हुद्दा आणि पगार तोच, पण ठरलेली ड्युटी आणि गाडी गेली. एप्रिल २०२४ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, थोडंसं नुकसानही पुरे, ते मोठं असायची गरज नाही.

रेवदंडेकर
आणि फ्रागान्टे खटला? १९८९, होनोलुलू. फिलिपिनो माणूस, काउंटरवरच्या नोकरीत बोलणं महत्त्वाचं म्हणून उच्चारांवरून नाकारला, आणि अपिलातही हरला.

केतकी_एडिसन
एच-वन व्हिसा आहे का? आमचं ग्रीन कार्ड लेबर सर्टिफिकेशनला अडकलंय, कुणाला अनुभव?

निशिगंध
मी सिटिझन आहे हो! फ्रागान्टे वाचून हातपाय गळाले. पण मागच्या वर्षीच्या मूल्यांकनात सुपरवायझरच्याच सहीने 'संवाद : उत्तम' लिहिलंय.

आडवाटे
मग फ्रागान्टेला कशाला घाबरता? तो नोकरी मागायला आला होता. तुम्ही ते काम अकरा वर्षं केलंय आणि त्यांनीच शेरा दिलाय. तो कागद घरी आहे ना? दिवसपाळीला कोण आलं? एचआरला लिहिलंत त्यात 'भेदभाव' शब्द आहे का? नुसती कुरकुर केली तर, तक्रार केली म्हणून मालकाने घेतलेल्या सूडाविरुद्धचं संरक्षण मिळत नाही. शिवाय २०१३ च्या नस्सार निकालामुळे तक्रार केली नसती तर मालकाने सूड घेतलाच नसता, एवढं दाखवावं लागतं. आणि बदलीची तारीख अजून सांगितली नाहीत.

निशिगंध
कागद घरी आहे. जागेवर माझ्याहून ज्युनियर मुलगी आली, इथेच जन्मलेली. मेलमध्ये 'अन्याय' लिहिलंय. बदलीला पाच महिने होऊन गेले.

आडवाटे
पाच महिने! ईईओसीकडे, म्हणजे नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारी घेणाऱ्या केंद्रीय संस्थेकडे, तक्रार करायला ३०० दिवस आहेत, पण राज्याच्या सिव्हिल राइट्स विभागाकडे १८० च. एचआरच्या उत्तराची वाट बघताना मुदत थांबत नाही. उद्या सकाळीच एम्प्लॉयमेंट वकिलाला फोन करा.

निशिगंध
करते. तक्रारीच्या फॉर्मवर वंश आणि मूळ राष्ट्र अशा वेगळ्या चौकटी आहेत, खूण कुठे करू?

रेवदंडेकर
दोन्हीकडे करा. भावाने एकच केली होती.