पॅडलच्या सुरुंगबोटी: रेसकोर्स वर्गाचा निर्णय योग्यच होता

दर्यावर्दी:
पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश नौदलाच्या रेसकोर्स वर्गाबद्दल, म्हणजे पाणसुरुंग काढणाऱ्या पॅडलबोटींबद्दल, एक शेरा ठरलेला असतो: १९१६ साली चाकाची (दोन्ही बाजूंच्या मोठ्या पॅडल-चाकांनी चालणारी) बोट बांधणं म्हणजे मागासलेपणा. हे मत मला साफ चुकीचं वाटतं.

पाणसुरुंग तळाशी नांगरलेला असतो आणि तारेच्या टोकाला पृष्ठभागाच्या थोडा खाली तरंगतो. पाण्यात कमी बसणारी बोट त्याच्यावरून निसटू शकते, विशेषतः भरतीला. सुरुवातीला सुरुंग काढायला मासेमारीचे ट्रॉलर लावले. ते खोल बसत आणि हळू चालत. १९१४ मध्ये ‘ब्रायटन क्वीन’, ‘डेव्होनिया’ या सहलीच्या पॅडलबोटी घेतल्या आणि त्यांनी काम इतकं चोख केलं की नौदलाने खास याच कामासाठी बोटी बांधायचं ठरवलं. आराखडा स्कॉटलंडमधल्या ट्रूनच्या आयल्सा कंपनीचा. ८१० टन, २४५ फूट लांब, तरी पाण्यात जेमतेम ७ फूट, वेग सुमारे १५ नॉट (ताशी सागरी मैल). घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानांवरून नावं दिलेल्या २४ बोटी झाल्या आणि नंतर सुधारित आराखड्याच्या आणखी ८. पहिला आराखडा फसला असता तर पुन्हा मागणी कशाला दिली असती?

दोन_पंखे:
दर्यावर्दीसाहेब, मागणी पुन्हा दिली कारण युद्ध चालू होतं आणि बोटी कमी पडत होत्या. त्याच काळात सुरुंग काढणाऱ्या बोटींचा हंट वर्ग तयार झाला. त्याला मागे पाण्याखाली फिरणारे दोन पंखे (प्रॉपेलर), वेग १६ नॉट, आणि तोही पाण्यात ७ फुटांच्या आसपासच बसायचा. मग चाकांनी मिळवलं काय? रेसकोर्सच्या सांगाड्याची रुंदी २९ फूट, चाकांच्या पेट्या धरल्या तर ५८. म्हणजे सुरुंगांच्या पट्ट्यात शिरताना दुप्पट रुंद बोट! समुद्र खवळला, बोट डोलायला लागली की एक चाक हवेत फिरतं, दुसरं खोल बुडतं, आणि चाल गळते. चाकात तरंगता ओंडका किंवा तुटकी तार अडकली तर विचारूच नका. २४ जून १९१७ ला ‘रेडकार’ आणि ‘केम्पटन’ एकाच दिवशी सुरुंगांवर गेल्या. हा उथळ बोटींचाच वर्ग ना?

दर्यावर्दी:
सुरुंग काढणाऱ्या बोटी सुरुंगावर जायच्याच, पंख्याच्यासुद्धा. हंट वर्गातली ‘ब्लॅकमोरव्हेल’ १ मे १९१८ ला तशीच गेली आणि ‘पेनार्थ’ तर युद्ध थांबल्यावर, फेब्रुवारी १९१९ मध्ये. रेसकोर्सच्या ३२ पैकी बुडाल्या किंवा निकामी झाल्या त्या ५. त्यातली ‘ॲस्कॉट’ सुरुंगाने गेलीच नाही. १० नोव्हेंबर १९१८ ला फार्न बेटांजवळ जर्मन पाणबुडी यूबी-६७ ने तिला टॉर्पेडो मारला. पन्नासच्या वर माणसं गेली, आणि दुसऱ्या दिवशी युद्धविराम झाला. त्या खलाशांचा विचार मनात आला की ‘मागास बोट’ हे शब्द मला ऐकवत नाहीत.

रुंदीचं म्हणाल, तर चाकांच्या पेट्या सांगाड्याहून उथळ असतात. आणि काम कसं चालायचं ते बघा. दोन बोटी शेजारीशेजारी चालायच्या, मध्ये सुरुंगाची नांगराची तार कापणारी पोलादी तार, ती ठरावीक खोलीवर राहावी म्हणून पाण्याखाली ओढलं जाणारं ‘काइट’ हे वजनदार साधन. ही ओढ सोसायला ताकद लागते. बंदरातले टग वर्षानुवर्षं पॅडलचे होते ते याचसाठी.

कोकणकन्या:
दोघांनीही बोट कुठे चालवायची हे बाजूला ठेवलंय. जर्मनांच्या ‘वोल्फ’ या जहाजाने फेब्रुवारी १९१७ मध्ये आपल्या मुंबईच्या समोरच सुरुंग पेरले होते. २३ जूनला त्यातल्या एकावर पी. अँड ओ. कंपनीची ‘मंगोलिया’ ही बोट आदळून बुडाली, किनाऱ्यापासून सुमारे ५० मैलांवर, ऐन पावसाळ्यात. जूनमधला आपला दर्या ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको, तिथे चाकाची बोट पाठवणं म्हणजे खलाशांचा जीव टांगणीला लावणं. फ्लँडर्सचा किनारा, टेम्सचं मुख, तिथले वाळूचे दांडे हेच या बोटींचं पाणी. तेवढ्यापुरती मी दर्यावर्दींच्या बाजूने आहे, पुढे नाही.

दोन_पंखे:
ताई, बरोबर. पण मग नौदलाने नंतर काय केलं तेही पाहा. हंट वर्गातल्या काही बोटी दुसऱ्या महायुद्धापर्यंत ताफ्यात टिकल्या. रेसकोर्स वर्ग १९२०च्या दशकात मोडीत नाहीतर विक्रीला निघाला आणि ब्रिटिश नौदलाने चाकाची सुरुंगबोट पुन्हा कधी बांधली नाही.

दर्यावर्दी:
बांधली नाही, पण १९३९ मध्ये सहलीच्या पॅडलबोटी पुन्हा मागून घेतल्याच! रेसकोर्स वर्गातली ‘मेल्टन’ विकल्यावर ‘क्वीन ऑफ थॅनेट’ झाली होती. ती परत सुरुंग काढायला आली आणि १९४० मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या डंकर्कला जाऊन तिथे अडकलेले सैनिक घेऊन आली. आयल्सानेच १९२४ मध्ये बांधलेल्या ‘मेडवे क्वीन’ने डंकर्कच्या सात फेऱ्या केल्या, सुमारे ७,००० सैनिक आणल्याचं सांगतात. तो सपाट, उथळ किनारा आठवा.

दोन_पंखे:
त्या धाडसापुढे मी नतमस्तक आहे. पण डंकर्कला त्यांनी माणसं वाहिली. धागा सुरुंग काढण्याचा आहे. १९३९च्या शेवटी जर्मनांनी चुंबकीय सुरुंग टाकायला सुरुवात केली. ते तळावरच पडून राहतात, त्यांना कापायला नांगराची तारच नसते. दोन बोटींमधली ती पोलादी तार तिथे काय करणार? पुढे यातल्या कितीतरी बोटींवर विमानविरोधी तोफा चढवल्या गेल्या, म्हणजे नौदलाने त्यांचं कामच बदललं.

दर्यावर्दी:
तारेचा उपयोग संपला, हे मान्य. पण तो दोष तारेचा, पंख्याच्या सुरुंगबोटीही तीच तार ओढत होत्या. १९१५ मध्ये निर्णय घेणाऱ्यांसमोर नांगरलेले सुरुंग होते आणि त्यांच्यावर यशस्वी ठरलेल्या पॅडलबोटी. हंटचा अनुभव तेव्हा कुणाकडेच नव्हता.