डावीकडेच कलंडणारं विमान आणि सोसायटीतले वैमानिक

निनाद (बी-३०३): आरसीवाले (रिमोटची विमानं उडवणारे) जागे आहेत का? माझा फोमबोर्डचा ट्रेनर, म्हणजे शिकाऊ विमान. पंख १२०० मिमी, कॉर्ड (पंखाची पुढून मागे रुंदी) २०० मिमी. मोटर २२१२, १००० केव्ही (व्होल्टमागे मिनिटाला १००० फेरे), प्रॉप (नाकावरचा पंखा) १०४५, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा) ३० अँपिअर, थ्री-एस (तीन सेलची) २२०० एमएएच लायपो बॅटरी. सगळं धरून वजन ८२० ग्रॅम. हातातून सोडलं की नाक वर, मग डावीकडे कलंडून थेट जमिनीत. तीनदा तेच. स्टिक पूर्ण उजवीकडे दिली तरी ऐकत नाही.

मंदार (सी-२०४): डावीकडे वडापावची गाडी आहे का बघ.

अनंतकाका (ए-१०२): मंदार, थांब जरा. निनाद, सीजी (तोलाचा बिंदू) कुठे आलाय?

निनाद: पंखाच्या पुढच्या कडेपासून ७५ मिमी. बॅटरी पंखाखाली बसवलीये, तिथे जागा होती म्हणून.

अनंतकाका: जागा आहे म्हणून बॅटरी नाही ठेवत रे, तोल साधतो म्हणून ठेवतात. अशा सरळ पंखाच्या ट्रेनरला सीजी कॉर्डच्या २५ ते ३० टक्क्यांवर हवा, म्हणजे तुझ्यासाठी ५० ते ६० मिमी. तू ३७ टक्क्यांच्या पुढे गेलायस. नाक जड असलं की विमान म्हशीसारखं चालतं, पण हाकलता येतं. शेपूट जड असली की एलेव्हेटर (शेपटीची आडवी झडप) नुसता शिवला तरी उडी मारतं, वेग जातो, स्टॉल होतो (पंखाची उचल जाते) आणि नाक आपणहून खाली येत नाही.

निनाद: मग नाकात शिसं भरू?

अनंतकाका: आधी गणित. सीजी २० मिमी पुढे आणायचाय. ८२० गुणिले २० म्हणजे १६,४००. बॅटरी साधारण १८० ग्रॅमची. १६,४०० भागिले १८० म्हणजे ९१. बॅटरी ९ सेंमी पुढे सरकव, एक ग्रॅमही वाढणार नाही. तेच काम शिशाने करायचं, तर नव्या सीजीच्या २० सेंमी पुढे ८२ ग्रॅम लागतील.

मंदार: ८२ ग्रॅम म्हणजे एक बटाटेवडा. मी म्हटलंच होतं, गाडी डावीकडे आहे.

अनंतकाका: वड्याचं तेल फोमबोर्डच्या कागदात उतरलं की कागद सुटतो. बॅटरीच सरकव. आणि तोल बघताना बॅटरी आत, झाकण लावलेलं, दोन बोटं पंखाखाली ५५ मिमीवर. विमान सपाट किंवा नाक किंचित खाली राहिलं पाहिजे.

स्नेहल (सी-५०१): सीजीमुळे नाक वर जातंय हे पटलं. डावीकडे का, ते राहिलं. प्रॉप मागून बघताना घड्याळाच्या दिशेने फिरतो, म्हणून विमानाला उलटा पीळ बसतो, डावीकडे. सोडताना थ्रॉटल (मोटरचा जोर) फुल आणि वेग जेमतेम, तेव्हाच हा पीळ सगळ्यात जास्त जाणवतो. मोटरला उजवीकडे आणि खाली २-२ अंश तिरकं बसवलंयस का?

निनाद: नाही, सरळ आहे. गुण्या लावून बसवली.

स्नेहल: गुण्या कपाटात ठेव. १ मिमी जाडीचे चार वॉशर घे. विमान मागून बघ. वरच्या डाव्या स्क्रूखाली दोन, वरच्या उजव्याखाली एक, खालच्या डाव्याखाली एक, खालच्या उजव्याखाली शून्य. स्क्रूंमधलं अंतर २५ मिमी धरलं तर १ मिमीने २.३ अंश मिळतात. स्क्रू त्या मानाने २ मिमी लांब घे, नाहीतर एकदोन आट्यांवर लटकलेली मोटर प्रॉपसकट पुढे निघून जाईल.

मंदार: आणि विमान म्हणेल, तू हो पुढे, मी आलोच.

स्नेहल: पण निनाद, मला ते ‘पूर्ण उजवीकडे दिली तरी’ खटकतंय. प्रॉप काढ. आधी प्रॉप काढ, मग बॅटरी लाव. विमानाच्या मागे उभा राहा आणि स्टिक उजवीकडे दे. उजवं एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची झडप) कुठे जातंय?

निनाद: खाली.

निनाद: ओह.

मंदार: 😂😂😂

अनंतकाका: चार वॉशरांचं भाडं वाचलं की मंडळी.

स्नेहल: नाही काका, वॉशर हवेतच. पीळ डावीकडे नेत होता आणि हे उलटं एलेरॉन त्याला मदत करत होतं. उजवीकडे स्टिक म्हणजे उजवं एलेरॉन वर, डावं खाली. स्टिक आपल्याकडे ओढली की एलेव्हेटर वर. हे दर वेळी मागून उभं राहून बघायचं. समोरून बघितलं की डावं-उजवं उलटं होतं आणि चूक बरोबर वाटते.

निनाद: ट्रान्समीटर फ्लायस्काय आय-६. रिव्हर्स केलं होतं, पण परत आलो तर पहिल्यासारखंच.

स्नेहल: तिथेच सगळे फसतात. मेनू, फंक्शन्स, रिव्हर्स, चॅनल १. बदल केल्यावर कॅन्सल नुसतं दाबलं की बदल जातो. कॅन्सल दाबून धरलं की सेव्ह होतो.

मंदार: रद्द करायला दाबा, जपून ठेवायला जोरात रद्द करा. आपल्या सोसायटीचे ठराव असेच पास होतात.

सेक्रेटरी (ए-४०१): हे वाचतोय मी.

स्नेहल: हात लावलाच आहेस तर एलेरॉनचा खेळ वर-खाली १०-१० मिमी ठेव, एक्स्पो (मध्याजवळ स्टिक सौम्य करणारी सेटिंग) ३० टक्के. खेळ जास्त असेल तर लिंकेज (जोडणारी तार) सर्व्होच्या (झडप हलवणाऱ्या छोट्या मोटरच्या) हॉर्नच्या, म्हणजे भोकांच्या दांडीच्या, आतल्या भोकात आणि एलेरॉनच्या हॉर्नच्या बाहेरच्या भोकात. ट्रान्समीटरमध्ये रेट (खेळाची टक्केवारी) कमी करणं हा दुसरा उपाय, पण त्यात सर्व्होचा जोर वाया जातो. फेलसेफही (सिग्नल तुटला की मोटर थांबवणारी सोय) बघ. प्रॉप काढलेला, थ्रॉटल थोडं वर, ट्रान्समीटर बंद. मोटर थांबली पाहिजे. चालू राहिली तर विमान रेंजबाहेर गेल्यावर बॅटरी संपेपर्यंत जाईल.

अनंतकाका: प्रॉपवरचे आकडे पुढच्या बाजूला आहेत ना? उलटा बसवला तरी हवा मागेच फेकतो, म्हणून लक्षात येत नाही, पण जोर बराच कमी होतो. मोटरच उलटी फिरत असेल तर तीन वायरींतल्या कुठल्याही दोन अदलाबदल कर.

शुभांगीकाकू (बी-१०१): निनाद, पॅसेजमधल्या प्लगला काल रात्रभर ते पिवळं पाकीट लावलेलं होतं. माझी तुळस शेजारीच आहे.

स्नेहल: काकू बरोबर बोलतायत. लायपो रात्री लावून झोपायचं नाही. २२०० ची बॅटरी २.२ अँपिअरवर, बॅलन्स लीड (सगळे सेल सारखे भरायची छोटी वायर) जोडून. रिकामी असेल तर तासभर पुरतो. समोर बसायचं. खाली लादी किंवा वाळू घातलेली मातीची कुंडी, वर घट्ट झाकण नाही, वायू कोंडला की स्फोट.

शुभांगीकाकू: रिकामी कुंडी आहे माझ्याकडे. तुळशीची नाही मिळणार.

मंदार: निनाद, चार्जिंग होईपर्यंत प्रदक्षिणा घाल.

स्नेहल: हवेत टायमर ७ मिनिटांचा. सरासरी १० अँपिअर खाल्ले तर ८० टक्के बॅटरी साडेदहा मिनिटांत जाते, उरलेली मिनिटं उतरायचे दोन प्रयत्न फसायला. आठवडाभर उडवायचं नसेल तर सेलला ३.८ व्होल्टवर ठेव, एकूण ११.४. पुरीसारखी फुगली की टोचायची नाही, दाबायची नाही. बाहेर मोकळ्यावर गाडीचा १२ व्होल्टचा २१ वॉटचा बल्ब लावून पूर्ण विझेपर्यंत ठेव, मग ई-कचऱ्यात.

निनाद: तडे गेलेत नाकाला. फेविक्विक चालेल?

अनंतकाका: कागद-फोमला जपून. कागद फाटला असेल तिथे आतला फोम विरघळतो आणि तड्याचं बिळ होतं. पाच मिनिटांचं अराल्डाइट घे, दोन्ही ट्यूबचं सारखं प्रमाण, पातळ थर. हॉट ग्लू वर्कशॉपमध्ये छान, पण मे महिन्यात गाडीच्या डिकीत मऊ पडतो. पंखाला रबरबँड किती?

निनाद: चार. भाजीच्या जुडीचे.

अनंतकाका: मेथीच्या जुडीवरचं रबर मेथीपुरतंच. नवे, रुंद, आठ लाव, त्यातले शेवटचे दोन फुलीसारखे तिरके. कडक बोल्ट लावायच्या भानगडीत पडू नकोस. आपटल्यावर पंख निसटून जाणं हाच रबराचा फायदा.

सेक्रेटरी: गार्डनवरून, पार्किंगवरून, माणसांवरून उडवायचं नाही. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅम ते २ किलो हे ‘मायक्रो’. हौस म्हणून उडवायला पायलट लायसन्स लागत नाही, बाकीचे नियम लागतात. ग्रीन झोनमध्येही (परवानगी न लागणाऱ्या भागात) १२० मीटरची मर्यादा, आणि विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किमीमध्ये ६० मीटर. जायच्या आधी नकाशा बघणे.

मंदार: सर, सध्याची कमाल उंची दोन मीटर आहे.

अनंतकाका: निनाद, रविवारी सहाला मोकळ्या माळावर. वारा तोंडावर, सोडणारा दुसरा, ट्रान्समीटर तुझ्या हातात. थ्रॉटल तीन-चतुर्थांश, फेक सपाट, भाल्यासारखी, आकाशाकडे नाही. पंख पडायला लागला तर आधी नाक खाली करून वेग घे. स्टॉलमध्ये जोरात एलेरॉन दिलं तर पडलेला पंख आणखी पडतो. आणि तुझ्याकडे तोंड करून येत असेल तेव्हा डावं-उजवं विसर. जो पंख खाली झुकलाय, स्टिकचा टेकू त्या बाजूला.

स्नेहल: चालू करताना ट्रान्समीटर आधी, बॅटरी नंतर. बंद करताना उलट.

निनाद: सीजी ५५ वर आला, बॅटरी ९ सेंमी पुढे. वॉशर २-१-१-०. एलेरॉन सरळ झाले, कॅन्सल दाबून धरलं. प्रॉप अजून टेबलावरच आहे.

शुभांगीकाकू: झाडात अडकलं तर माझी शेवग्याच्या शेंगा काढायची काठी मागायला येऊ नका. ती चारच मीटरची आहे.

मंदार: काकू, माळावरची बाभूळ किती मीटरची?

अनंतकाका: सहा. दोन मीटरचा पाइप मी आणतो. आधी थ्रॉटल शून्य कर म्हणावं, मगच काठी वर.