भंगारातली लेथ घरी आणणं शहाणपण की खूळ?

बिडाचा_माणूस
नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत एक वर्कशॉप बंद पडलं. तिथली साडेचार फुटी लेथ, म्हणजे धातू फिरवून कापायचं यंत्र, वजनावर उचलली. जुनी इंग्रजी, सपाट पट्ट्यावर चालणारी. हायड्रा क्रेनवाल्यानं मानेवाड्यात आणून टेकवली तेव्हा अख्खी गल्ली गोळा झाली होती. घरचे म्हणतात, एवढ्यात नवी छोटी चिनी आली असती. आली असती ना! ती जेमतेम ४० किलोची, बऱ्याच मॉडेलांत आत प्लास्टिकचे गिअर. पोलादावर जरा खोल कट घेतला की थरथरते. माझं हे बिडाचं धूड जागचं हलत नाही. दांडा ज्यात फिरतो ते बुश ब्राँझचे आहेत, झिजले तर कोणताही टर्नर नवे करून देईल. घरच्या वर्कशॉपसाठी जुनीच घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. पटत नसेल त्यांनी बोला.

तीस_वर्षं_चकावर
नाही पटत. आयुष्य लेथवर गेलं म्हणून सांगतो. रंग मारलेली म्हातारी मशीन पाहून पोरं भाळतात अन् बेड, म्हणजे खालचा लांब पाया, पाहायचं विसरतात. सगळं काम चकापाशी, म्हणजे जॉब पकडणाऱ्या टोकाशी होतं, म्हणून बेड तिथंच झिजतो. पलीकडच्या टोकाचा, टेलस्टॉककडचा भाग कोराच राहतो. सॅडल म्हणजे बेडवर सरकणारा, टूल धरणारा भाग. चकाजवळ तिचा गिब, म्हणजे ढिलाई काढायची पट्टी, घट्ट करा आणि सॅडल टेलस्टॉककडे न्या. मध्येच अडकली तर समजा बेड गेला. तो ग्राइंड करून घ्यायचा खर्च लेथच्या किमतीपेक्षा जास्त येऊ शकतो.

दुसरं म्हणजे लीडस्क्रू, आटे पाडताना सॅडल ओढणारा लांब स्क्रू, इंचातला असणार. मिलिमीटरचे आटे पाडायला १२७ दात्यांचा गिअर लागतो, कारण एक इंच म्हणजे २५.४ मिमी, त्याची पाचपट १२७. मिळाला का तो? आट्यांचं माप बदलायचे हे चेंज गिअर सगळ्यात आधी भंगारात जातात.

बिडाचा_माणूस
काका, १२७ चा नाही मिळाला. ६३ चा आहे, ८० च्या जोडीला लावला की काम भागतं. फरक एक मीटर लांबीत ०.१३ मिमीच्या आत. मी काय मीटरभर लांब बोल्ट करणार आहे? सॅडल मात्र तपासली नाही, हे कबूल.

तीस_वर्षं_चकावर
हिशोब बरोबर आहे. फक्त असे आटे पाडताना लीडस्क्रूला पकडणारा हाफ नट उघडू नका. टूल मागे घ्यायचं आणि मोटर उलटी फिरवून परत यायचं. हाफ नट एकदा उघडला की पुढचा कट आधीच्या आट्यात बसेलच असं नाही.

गल्लीतलीच_एक
मत विचारलंय म्हणून सांगते. पट्ट्याचा जोड पुलीवरून गेला की टक्-टक् होतं, ते रात्री साडेदहाला आमच्या बैठकीत ऐकू येतं. राजेहो, छंद बम चांगला आहे, पण वेळकाळ पाहा ना. अन् उघडा पट्टा, उघडे गिअर... तुमचा लहाना तिथंच खेळत असतो. आधी जाळी लावा, मग बिडाचं कौतुक करा.

बिडाचा_माणूस
ताई, जाळी याच आठवड्यात लावतो. नऊनंतर बंद.

इतवारीचा_संग्राहक
मी जरा वेगळं बोलतो. एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली, आज त्या जागी मॉल आहे. मोतीबागेच्या रेल्वे संग्रहालयात नॅरोगेजची इंजिनं तरी जपून ठेवलीत, पण गिरण्यांची, छोट्या वर्कशॉपांची यंत्रं जपणार कोण? माझ्याकडे एक शेपर (धातू सपाट छिलणारं यंत्र) अन् दोन लेथ आहेत. दर पावसाळ्याआधी तेल लावतो. वापरली नाहीत म्हणून काय झालं?

तीस_वर्षं_चकावर
जपा ना, कोण नाही म्हणतं. पण मग त्याला संग्रह म्हणा, वर्कशॉप कशाला म्हणता? तीन यंत्रं अन् एक बोल्ट निघाला नाही, हे माझ्या डोक्यात बसत नाही. रोज चालली नाही तर पावसाळ्यात दाराच्या कडीवर चढतो तसाच गंज बेडवर चढणार, तेल लावलं तरी कोपरे राहतातच.

नवशिक्या_प्रतापनगर
मला एक कळेना, घरी सिंगल फेज आहे. जुनी मोटर थ्री फेजची निघाली तर?

बिडाचा_माणूस
व्हीएफडी लावा. सिंगल फेज आत, थ्री फेज बाहेर. माझी २ एचपीची तशीच चालते. वर वेगही कमी-जास्त करता येतो. फक्त मोटर २३० व्होल्टला डेल्टा जोडता येते का, ते पाटीवर पाहून घ्या.

बिडाचा_माणूस
काका, आत्ताच तपासलं. चकाजवळ गिब घट्ट केला, हातानं सॅडल सरकवली. टेलस्टॉकच्या वीतभर अलीकडे फसली.

तीस_वर्षं_चकावर
अडकायच्या आधी जड होत गेली, की एकदम फसली?

बिडाचा_माणूस
हळूहळू जड होत गेली.

तीस_वर्षं_चकावर
मग इतकी वाईट नाही. चकापाशी चार-सहा इंचांचं काम करा, लांब शाफ्टच्या भानगडीत पडू नका. रविवारी मापायला डायल अन् टेस्ट बार घेऊन येतो. चहा ठेवा, अन् तोवर गिब पुन्हा सैल करून ठेवा.